आचार्य बाळशास्त्री जांभेकर आणि शेषाद्रि-प्रकरणाचा बोध

आपल्या ज्ञातीतील थोर पुरुषांची चरित्रे स्मरणिकेतून क्रमाने सादर करण्याची प्रथा मंडळाने पाळली आहे. तिला अनुसरून ह्या वर्षी आम्ही आद्य मराठी पत्रकार आचार्य बाळशास्त्री जांभेकर ह्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. बाळशास्त्र्यांचे नाव ठाऊक नाही असे आपल्या कऱ्हाडे ज्ञातीत एकही घर नसेल. दरवर्षी ६ जानेवारीस पत्रकार दिन साजरा होतो, सभा होतात, तसबिरीस हार घातला जातो, आणि ‘दर्पण’ पत्राचे गुणगान होते. हे सर्व योग्यच आहे. परंतु ज्या एका प्रकरणात बाळशास्त्र्यांच्या विद्वत्तेपेक्षा त्यांच्या धैर्याची कसोटी लागली, त्या प्रकरणाविषयी आपल्यापैकी बहुतेकांस फारच थोडी माहिती असते, आणि जी असते ती ज्याच्या त्याच्या मताप्रमाणे रंगविलेली असते. म्हणून सर्व चरित्र थोडक्यात सांगून त्या प्रकरणाचा विचार काहीसा विस्ताराने करावा असे आम्ही योजिले आहे.

बाळशास्त्र्यांचा जन्म १८१२ साली कोकणात, हल्लीच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यात, पोंभुर्ले ह्या गावी झाला. वडील गंगाधरशास्त्री हे पुराण सांगणारे विद्वान गृहस्थ. घरी संपत्ती नव्हती, परंतु विद्येचा वारसा होता. लहान वयातच मुलाने मराठी लिहिणे-वाचणे, हिशेब आणि संस्कृताचे प्राथमिक अध्ययन पुरे केले. पेशवाई बुडून थोडीच वर्षे लोटली होती. जुन्या विद्येला मिळणारा राजाश्रय आटत चालला होता, आणि नव्या राज्यकर्त्यांच्या विद्येचे द्वार मुंबईत उघडत होते. कोकणातील कित्येक बुद्धिमान मुलांनी त्या काळी तारवातून मुंबई गाठली. बाळशास्त्री त्यांतलेच एक होते.

मुंबईत त्या वेळी बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीचे काम जोरात चालले होते, आणि सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे हे तिचे एतद्देशीय आधारस्तंभ होते. त्यांच्या आश्रयाने बाळशास्त्री शिकले. त्यांच्या बुद्धीची झेप अशी की, विशीच्या आतबाहेर असतानाच इंग्रजी व गणित ह्या विषयांत ते युरोपियन अध्यापकांच्या बरोबरीने बोलू लागले. गुजराती, बंगाली, फारसी अशा भाषांशी त्यांनी परिचय करून घेतला. सोसायटीने त्यांना आपल्या कारभारात डेप्युटी सेक्रेटरीची जागा दिली. काही काळ अक्कलकोटच्या बालराजांचे शिक्षक म्हणूनही त्यांनी काम केले. पुढे १८३४ साली एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांची असिस्टंट प्रोफेसर म्हणून नेमणूक झाली. त्या पदावर बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ होत.

तत्पूर्वीच, ६ जानेवारी १८३२ रोजी, त्यांनी ‘दर्पण’ सुरू केले होते. मराठी व इंग्रजी असे दोन रकाने शेजारी शेजारी छापलेले हे पत्र आरंभी पाक्षिक होते, आणि त्याच वर्षी साप्ताहिक झाले. आपल्या लोकांस विलायतेच्या विद्येची ओळख व्हावी, आणि राज्यकर्त्यांस आपल्या लोकांची स्थिती कळावी, असा हा दुहेरी उद्योग होता. ‘दर्पण’ १८४० पर्यंत चालले, आणि त्याच साली बाळशास्त्र्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मराठीतील पहिले मासिक काढले. भूगोल, इतिहास, व्याकरण, नीती ह्या विषयांवर त्यांनी शालेय पुस्तके लिहिली. शून्यलब्धीसारख्या उच्च गणितावर मराठीत ग्रंथ केला. प्राचीन शिलालेखांचे वाचन करून त्यांवर रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत निबंध सादर केले. कुलाब्याच्या वेधशाळेचे काम काही काळ सांभाळले. १८४५ साली ज्ञानेश्वरीची पहिली शिळाछाप प्रत त्यांच्याच प्रयत्नाने बाहेर पडली. दादाभाई नौरोजी आणि डॉक्टर भाऊ दाजी ह्यांसारखे शिष्य त्यांच्या वर्गात बसून गेले. एवढे सर्व कार्य ज्याने चौतीस वर्षांच्या आयुष्यात केले, त्याला विश्रांती अशी कधी मिळाली असेल, ह्याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आता ज्या प्रकरणाचा आम्ही वर उल्लेख केला, त्याची पार्श्वभूमी पाहू. १८१३ च्या सनदेने कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांचा मार्ग मोकळा झाला, आणि त्याच वर्षी अमेरिकन मिशनचे पहिले पाद्री मुंबईत आले. १८२९ साली स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन मुंबईस उतरले. हे गृहस्थ विद्वान होते, संस्कृत व मराठी शिकले होते, आणि आपल्या शास्त्री-पंडितांशी जाहीर वाद घालण्याची त्यांना हौस होती. मोरभट दांडेकर ह्यांनी त्यांच्याशी वाद केला, आणि १८३१ साली हिंदुधर्माच्या समर्थनार्थ पुस्तक छापले. विल्सनसाहेबांनी त्यास उलट पुस्तक लिहिले. इथपर्यंतचा झगडा शब्दांचा होता. ऐकणारे वाद ऐकून घरी जात, आणि घरी जेवणाची पाने पूर्वीसारखीच मांडली जात.

मे १८३९ मध्ये ह्या झगड्याने निराळे रूप घेतले. धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी ह्या विल्सन ह्यांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पारशी समाजात एकच खळबळ उडाली. धनजीभाईला परत मिळविण्यासाठी सुप्रीम कोर्टात अर्ज झाला, परंतु मुलगा जाणत्या वयाचा आहे, त्याने वाटेल तेथे जावे, असा निकाल लागला. शाळेतील बहुतेक मुले घरच्यांनी काढून नेली. ज्या शाळेत आपली मुले इंग्रजी शिकण्यास जातात, तेथून ती घरी परत येतील की नाही, ही शंका त्या दिवसापासून मुंबईतील प्रत्येक सुशिक्षित घरात शिरली. हिंदु, पारशी, सर्वांच्या मनात एकच भीती बसली.

ह्यानंतर चार वर्षांनी शेषाद्रि-प्रकरण घडले. नारायण शेषाद्रि हा ब्राह्मण तरुण स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत होता. सप्टेंबर १८४३ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. विल्सन त्या वेळी स्वदेशी गेलेले होते, आणि मिशनचे काम त्यांचे सहकारी पाहत होते. नारायणाचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनच्या घरी राहू लागला, आणि तेथेच अन्नपाणी घेऊ लागला. ह्या धाकट्याची दीक्षा झाली नव्हती, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढील सर्व वादाची गुरुकिल्ली तीच आहे. मुलाच्या वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली. मिशनच्या बाजूचे सांगणे असे की, मुलगा आपल्या इच्छेने राहिला आहे. कोर्टाने पाहिले ते मुलाचे वय. मुलगा अज्ञान आहे, त्याचा ताबा पित्याकडे असला पाहिजे, असे ठरवून श्रीपतास वडिलांच्या स्वाधीन करण्यात आले.

येथे कोर्टातील खटला संपला, आणि खरा खटला सुरू झाला. इंग्रजांच्या कोर्टाने मुलगा बापाच्या हाती दिला, परंतु त्या मुलास आपल्या स्वयंपाकघरात न्यावे, शेजारी पाट मांडून जेवावयास बसवावे, हे बापाच्या हाती नव्हते. मिशनच्या घरचे अन्न खाल्लेला मुलगा जातीस मुकला होता. त्यास घरात ठेवावे तर सर्व घर पंक्तीबाहेर पडावयाचे. आईबापांनी, नातलगांनी, पुढे होऊ घातलेल्या लग्नसंबंधांनी त्याचे फळ भोगावयाचे. त्यास दूर लोटावे तर तो परत जेथून आणला तेथेच जाणार. ह्या पेचात अडकलेल्या कुटुंबाच्या साहाय्यास जे पुढे आले, त्यांचे अग्रणी बाळशास्त्री होते.

बाळशास्त्री त्या वेळी एकतीस वर्षांचे होते. त्यांना गमावण्यासारखे पुष्कळ होते. सरकारी विद्याखात्यात मानाची जागा होती, समाजात शास्त्री म्हणून प्रतिष्ठा होती, घरी संसार होता. विधवाविवाहाच्या प्रश्नाची चर्चा त्यांनी घडवून आणली होती, आणि गंगाधरशास्त्री फडके ह्यांच्याकडून त्या विषयावर ग्रंथ लिहवून घेतला होता. त्यामुळे जुन्या मताच्या मंडळींचा त्यांच्यावर आधीच रोष होता. अशा स्थितीत पतित मानल्या गेलेल्या मुलाची बाजू घेणे म्हणजे आपण होऊन निखाऱ्यावर पाय ठेवणे होते. तरी त्यांनी तो ठेवला.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. दोष घडला असेल, परंतु आपल्या धर्मशास्त्राने दोषाबरोबर प्रायश्चित्तही सांगितले आहे. लहान मुलाच्या हातून न कळत जे घडले, त्यासाठी त्यास जन्माचा बाहेर टाकणे हे शास्त्रास धरून नाही. ह्या विचारास आधार नव्हता असे नाही. देवलस्मृतीत म्लेच्छांच्या हाती सापडलेल्यांच्या शुद्धीचे विधी सांगितलेले आहेत. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळी, १६७६ साली, नेताजी पालकर ह्यांस मुसलमानी धर्मातून परत घेण्यात आले, ही गोष्ट महाराष्ट्रास ठाऊक होती. बाळशास्त्र्यांनी व त्यांच्या पक्षाच्या मंडळींनी श्रीपतास काशीस पाठवून तेथील पंडितांकडून प्रायश्चित्त देववावे अशी योजना आखली. काशीचा निर्णय सर्व देशास मान्य व्हावा, ही त्यांची अपेक्षा होती.

ती पुरी झाली नाही. मुंबईत व पुण्यात शास्त्रीमंडळींत दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे, प्रायश्चित्त झाले म्हणजे मुलगा शुद्ध. दुसऱ्या तटाचे म्हणणे, अशा दोषास प्रायश्चित्तच नाही. आणि जे ह्या मुलास पंक्तीस घेतील, तेही दोषी. वाद कित्येक महिने धुमसत राहिला. बाळशास्त्र्यांवर कठोर टीका झाली, आणि त्यांनाच जातीबाहेर टाकावे अशी भाषा सुरू झाली. ज्यांनी ‘दर्पण’ वाचून धन्यता मानली होती, त्यांतील काहींनीही ह्या वेळी मान फिरविली असेल, असा तर्क करण्यास हरकत नाही. कारण पत्रातील विचार वाचणे सोपे असते, तोच विचार आपल्या पानाशेजारी येऊन बसला म्हणजे अवघड होतो. श्रीपत शुद्ध झाला असे काहींनी मानले, काहींनी अखेरपर्यंत मानले नाही. बाळशास्त्र्यांनी मात्र आपले मत मागे घेतले नाही.

ह्यानंतर त्यांस आयुष्य फार थोडे लाभले. मराठी शाळांची तपासणी करीत गावोगाव हिंडणे, शिक्षक तयार करण्याच्या वर्गाचे अध्यापन, लेखन, संशोधन, अशा कामांच्या भाराखाली त्यांची प्रकृती ढासळली, आणि मे १८४६ मध्ये त्यांचे मुंबईत निधन झाले. वय अवघे चौतीस वर्षांचे. त्यांचे विखुरलेले लेखन व चरित्रसाधने एकत्र होऊन प्रसिद्ध होण्यास १९५० साल उजाडावे लागले.

पुरुष मेला, परंतु प्रकरण मेले नाही. ह्या एका लहान मुलाच्या कथेचा अर्थ पुढे निरनिराळ्या लोकांनी इतक्या निरनिराळ्या रीतींनी लावला, की एकाच घटनेविषयी ते बोलत आहेत हे ओळखणे कठीण व्हावे. मिशनच्या इतिहासकारांनी ह्यात सदसद्विवेकबुद्धीचा पाडाव पाहिला. सत्य शोधू पाहणाऱ्या एका बालकास कायद्याच्या बळाने ओढून नेले, आणि मग त्याच्याच धर्मबांधवांनी त्यास नीट जवळ केले नाही, असे त्यांनी सांगितले. ह्या सांगण्याचा उत्तरार्ध आपणांस झोंबतो, आणि तो खोटा आहे असे म्हणण्याची सोय नाही. परंतु अज्ञान मुलास आईबापांपासून दूर ठेवण्याचा अधिकार मिशनला कोणी दिला होता, ह्या प्रश्नाकडे ते इतिहासकार सहसा वळत नाहीत.

सनातनी पक्षाने ह्यात धर्म बुडाल्याची खूण पाहिली. त्यांचे भय आज आपणांस हास्यास्पद वाटेल, पण तसे मानणे न्यायाचे होणार नाही. राज्य गेले होते, वतने डळमळत होती, न्यायासने परक्यांची झाली होती. जे काही आपल्या हाती उरले आहे असे त्यांस वाटे, ते पंक्तीचे नियम होते. तेवढे घट्ट धरून ठेवावे, अशी त्यांची भावना होती. चूक ही की, जो दरवाजा शत्रूस बंद करावयाचा, तो त्यांनी आपल्याच मुलास बंद केला. सरकारी मताने तर ह्यात धर्माचा प्रश्नच नव्हता. पालकत्वाचा प्रश्न होता, तो कोर्टाने सोडविला, बाकी लोकांनी आपसांत पाहावे. पुढे १८५० साली सरकारने कायदा करून, धर्म बदलल्यामुळे अथवा जात गेल्यामुळे कोणाचा वारसाहक्क बुडणार नाही, असे ठरविले, तेव्हा हे आपसांत पाहणेही राहिले नाही, आणि असंतोषाच्या अनेक कारणांत ह्या कायद्याचीही भर पडली.

विसाव्या शतकात वारे फिरले. स्वामी श्रद्धानंदांनी उत्तर हिंदुस्थानात शुद्धीची चळवळ उभारली. १९२८ साली मसूरकर महाराजांनी गोव्यात हजारो गावड्यांस हिंदुधर्मात परत घेतले. ह्या काळातील लेखकांनी मागे वळून पाहिले, तेव्हा त्यांना बाळशास्त्र्यांत शुद्धीचा आद्य पुरस्कर्ता दिसला. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी बाळशास्त्र्यांस जातीबाहेर टाकण्याची भाषा केली असेल, त्यांच्याच नातवंडा-पणतवंडांनी आता त्यांच्या नावाचा ध्वज उभारला. ह्या गौरवात सत्याचा अंश आहे. परंतु श्रीपताची दीक्षा झालेलीच नव्हती, हे येथे आठवावे. तो ख्रिस्ती होऊन परत हिंदु झाला, असे म्हणणे वस्तुस्थितीस सोडून आहे. त्याचा धर्म गेला नव्हता, जात गेली होती. आणि ती अन्नाने गेली होती. बाळशास्त्र्यांचा झगडा पाद्र्यांशी जितका होता, त्याहून अधिक तो आपल्याच लोकांच्या पंक्तीशी होता.

दुसरीकडे, सुधारकांनी व अलीकडील अभ्यासकांनी ह्याच प्रकरणात पुरोगामी विचाराची पहाट पाहिली. रूढीचे बंध तोडणारा तरुण, असे त्यांचे चित्र आहे. त्यातही अंश सत्याचा आहे, पण तेवढाच. बाळशास्त्र्यांनी रूढी तोडा असे म्हटले नाही. शास्त्र नीट वाचा असे म्हटले. त्यांनी जातीच्या चौकटीबाहेरचा मार्ग सुचविला नाही. काशीचा मार्ग सुचविला. त्यांना बंडखोर ठरविणे आणि त्यांना शुद्धीवीर ठरविणे, ह्या दोहोंत आपल्या काळाची गरज त्यांच्या अंगावर चढविण्याचा मोह आहे.

आणखी एक दृष्टी आहे. आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत तिचा उच्चार सहसा होत नाही, म्हणूनच आम्ही तो करतो. स्कॉटिश मिशनच्याच पुण्यातील शाळेत त्या सुमारास जोतीराव फुले शिकत होते. पुढे त्यांनी आमच्या इतिहासातील धर्मकलहाचा जो अर्थ लावला, त्यात मिशनरी विरुद्ध हिंदु हा मुख्य कलह नव्हताच. ब्राह्मणांनी शूद्रातिशूद्रांस ज्ञानापासून व माणुसकीपासून दूर ठेवले, हा त्यांच्या मते खरा कलह. ह्या दृष्टीने पाहिले म्हणजे शेषाद्रि-प्रकरणाची एक बाजू उघडी पडते, जी दोन्ही पक्षांच्या शास्त्र्यांस दिसली नव्हती. एका ब्राह्मणाच्या मुलास पंक्तीत परत घ्यावे की न घ्यावे, ह्यावर सर्व विद्वान महिनोन्महिने झगडले. ज्यांस पंक्तीत कधीच स्थान नव्हते, त्यांचा विषय निघाला नाही.

आणि थोरल्या भावाचे काय झाले? नारायण शेषाद्रि परत आला नाही. तो पाद्री झाला, युरोप-अमेरिकेत व्याख्याने देऊन आला, आणि निजामाच्या राज्यात जालन्याजवळ त्याने बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभी केली. त्याच्या कार्याने ख्रिस्ती झालेल्यांत मांग समाजाचे लोक पुष्कळ होते. १८९१ साली त्याचा अंत झाला. धाकट्या भावासाठी पंक्तीचे द्वार उघडावे की नाही, ह्याची चर्चा ज्यांनी केली, त्यांनी थोरल्याने ज्यांना आपल्याजवळ बसविले त्यांच्याकडे पाहिले असते, तर पुढील शंभर वर्षांचा इतिहास काही अंशी तरी निराळा झाला असता. बाळशास्त्र्यांसही आम्ही ह्या दोषातून वगळीत नाही. चरित्रनायकाचा गौरव करताना त्याच्या काळाची मर्यादा झाकणे म्हणजे त्याचा गौरव करणे नव्हे. मुलाच्या मनात काय होते, हेही कोणत्याच पक्षाने पुरते विचारात घेतलेले दिसत नाही. कोर्टाने त्याचे वय पाहिले, शास्त्र्यांनी त्याचे अन्न पाहिले, मिशनने त्याचा आत्मा पाहिला. मुलगा म्हणून त्याच्याकडे पाहण्यास त्याचे घरच तेवढे होते, आणि त्या घरावरच बहिष्काराची तलवार टांगलेली होती.

इतके अर्थ एकत्र ठेवल्यावर वाचक विचारतील की, मग तुमचे मत काय? आमचे मत असे आहे की, धर्मकलहाच्या कथा सांगताना आपण बहुधा दोनच पक्ष मांडतो, आपला आणि परक्यांचा, आणि सर्व दोष परक्यांच्या पदरी घालतो. शेषाद्रि-प्रकरण तसे सांगता येत नाही, म्हणूनच ते मोलाचे आहे. त्यात परक्यांचा आग्रह आहे, तसा आपला कठोरपणा आहे. परक्यांच्या कोर्टाने मुलगा परत दिला, आणि आपल्या लोकांनी तो घेण्यास नकार दिला. बाळशास्त्र्यांचे मोठेपण हे की, त्या गोंधळात त्यांनी प्रथम परक्यांस शिव्या देण्यात आपली शक्ती घालविली नाही. आपल्या घरचा दरवाजा आतून लागला आहे, हे त्यांनी ओळखले, आणि कडी काढण्यास ते उठले. त्यांनी इंग्रजी विद्या सोडली नाही, शाळा बंद करा असे सांगितले नाही, स्वधर्मही सोडला नाही.

ही कथा ज्ञातीच्या स्मरणिकेत सांगण्याचे विशेष कारण आहे. ज्ञातीची मंडळे आज वधूवरसूचक यादी करतात, विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या देतात, वृद्धांचा सत्कार करतात. हे सर्व चांगले आहे. परंतु ज्ञाती ह्या संस्थेच्या हातात एके काळी दुसरेही एक शस्त्र होते, आणि ते आपल्यातील उत्तम पुरुषावर उगारले गेले होते, ही आठवण आपण ठेविली पाहिजे. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला, आणि २०१७ पासून तो अमलात आला. असा कायदा एकविसाव्या शतकात करावा लागला, ह्यावरून हे शस्त्र अद्याप सर्वत्र गंजून गेलेले नाही हे उघड आहे. आणि कायद्यात न बसणारा बहिष्कारही असतोच. घरातील मुलाने वा मुलीने परज्ञातीत अथवा परधर्मात विवाह केला म्हणून तिचे नाव पत्रिकेतून गळते, कार्याचे आमंत्रण जात नाही, फोटोंच्या संग्रहातून चेहरा नाहीसा होतो. त्यासाठी कोणास पंचायत भरवावी लागत नाही.

पोंभुर्ल्यास आज बाळशास्त्र्यांचे स्मारक आहे. मंडळाच्या कुटुंबांनी सुटीत कोकणात जाताना तेथे अवश्य जावे, मुलांस न्यावे, आणि ‘दर्पण’च्या गोष्टीबरोबर श्रीपताची गोष्टही सांगावी. मुले विचारतील की शेवटी तो जेवावयास कोठे बसला. ह्या प्रश्नाचे उत्तर देताना आपल्या घरातील एखादे रिकामे पान डोळ्यांपुढे आले, तर त्याच दिवशी तेथे पत्र धाडावे किंवा फोन करावा. आचार्यांच्या स्मृतीस ह्याहून योग्य अभिवादन आम्हांस सुचत नाही.